फोन भरपूर येतात, सेटर मिळत नाही: नोकरीची जाहिरात कशी लिहावी

चाकण परिसरात साधारण चाळीस माणसांचा मशीनिंगचा कारखाना चालवणाऱ्या एका उद्योजकांनी विचारले आहे की, व्हीएमसी, म्हणजे संगणकनियंत्रित उभ्या मशीनिंग सेंटरवर कामाची मांडणी करणाऱ्या सेटरच्या, कंपनी पेरोलवरील (ठेकेदारामार्फत नसलेल्या) दोन जागांसाठी ते दोन महिन्यांपासून जाहिरात देत आहेत, रोज पंधरा-वीस फोन येतात, पण मुलाखतीला येणाऱ्यांपैकी एकालाही स्वतंत्रपणे सेटिंग करता येत नाही. तेव्हा जाहिरातीत नेमके काय बदलावे? त्यांनी सोबत दिलेला मजकूर असा आहे:

"व्हीएमसी ऑपरेटर / सेटर पाहिजेत. नामांकित कंपनी, चाकण एमआयडीसी. शिक्षण: आयटीआय / डिप्लोमा / बी.ई. अनुभव: ० ते १० वर्षे. फक्त पुरुष, वय १८ ते ३०. पगार: आकर्षक, अनुभवानुसार. राहण्याची सोय. त्वरित संपर्क साधा."

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातील लहान-मध्यम कारखान्यांसाठी भरतीचे काम मी अनेक वर्षे करत आले आहे आणि या वळणाच्या जाहिराती मला दर आठवड्याला वाचायला मिळतात. या मजकुरात खोटे असे काही नाही, तरीही ज्या माणसासाठी तो लिहिला आहे त्याला निर्णय घ्यायला उपयोगी पडेल असेही त्यात काही नाही.

सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याला ड्रॉइंग वाचून, फिक्स्चर (सुटा भाग घट्ट पकडणारे साधन) लावून, ऑफसेट (मशीनला द्यायची भागाच्या जागेची व टूलची मापे) घेऊन पहिला पीस पास करून घेता येतो, तो माणूस आज घरी बसलेला नाही. तो भोसरीत, तळवड्यात किंवा तुमच्याच शेजारच्या गाळ्यात कामावर आहे. तिथला पगार त्याला फारसा पटत नसेल, पण तिथे त्याची ओळख झालेली आहे, दिवाळीचा बोनस ठरलेला आहे आणि पाच वर्षे भरत आली असतील तर ग्रॅच्युइटीचा हक्क तोंडावर आला आहे. नोकरी बदलणे ही त्याच्या दृष्टीने जोखीम आहे, आणि ही जोखीम घेण्याजोगी आहे की नाही हे तो जेवणाच्या सुटीत, मोबाइलवर, मिनिटभरात ठरवतो. उलट ज्याला कामाची तातडीने गरज आहे त्याला जाहिरातीत काही नसले तरी चालते. तो फोन करून विचारून घेतो. त्यामुळे मोघम जाहिरात उलट्या चाळणीसारखी वागते: हवा असलेला माणूस वरच्या वर निघून जातो आणि नको असलेला खाली जमा होतो. तुम्हाला येणारे फोन हा जाहिरातीच्या यशाचा पुरावा नसून या उलट्या चाळणीचा परिणाम आहे.

आता तुमची जाहिरात त्या कामावर असलेल्या सेटरच्या नजरेने वाचून पाहू. "नामांकित कंपनी" असे वाचताच त्याला पहिली शंका येते ती ठेकेदाराची. ज्या कंपनीला खरोखर नाव आहे ती नाव लिहिते. नाव न लिहिता "नामांकित" लिहिणारा बहुधा माणसे पुरवणारा असतो, असा या पट्ट्यातील कामगारांचा अनुभव आहे. म्हणूनच फोनवर त्यांचा पहिला प्रश्न पगाराचा नसून "कंपनी पेरोल की कॉन्ट्रॅक्ट?" असा असतो. तुमच्या दोन्ही जागा कंपनी पेरोलच्या आहेत, असे तुम्ही प्रश्नातच लिहिले आहे. म्हणजे तुमच्याकडची सर्वांत मोठी जमेची बाजू जाहिरातीत आलेलीच नाही. कंपनीचे नाव लहान असेल, कोणी ऐकलेले नसेल, तरी ते लिहावे, कारण नाव दिसले की माणूस नकाशावर पत्ता पाहतो, तिथे काम केलेला ओळखीचा कोणी आहे का याची चौकशी करतो आणि त्या चौकशीतूनच त्याचा विश्वास बसतो.

पुढे "ऑपरेटर / सेटर" ही तिरकी रेघ आहे. ऑपरेटर म्हणजे जॉब (मशीनवर घडवायचा सुटा भाग) लावणे-काढणे, मशीनचे ठरलेले आवर्तन चालवणे, इन्सर्ट (टूलचे कापणारे पाते) बदलणे आणि मापात फरक पडला की ऑफसेटमध्ये दुरुस्ती करणे. सेटर म्हणजे फिक्स्चर बसवणे, वर्क ऑफसेट आणि टूलची लांबी घेणे, प्रोग्रामची ड्राय रन (प्रत्यक्ष न कापता चाचणी) पाहणे आणि पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घेणे. दोन्ही एका रेघेत लिहिली की सेटर समजतो की नाव सेटरचे, काम ऑपरेटरचे आणि पगारही बहुधा ऑपरेटरचाच. ऑपरेटर मात्र समजतो की आपलेही जमून जाईल, आणि तो फोन करतो. शिक्षणाच्या रांगेत आयटीआयपासून बी.ई.पर्यंत सर्व आणि अनुभवाच्या रांगेत शून्यापासून दहापर्यंत सर्व लिहिल्यामुळे, आपल्याला कोण हवे आहे हे कंपनीलाच ठरवता आलेले नाही, असाच अर्थ निघतो.

वयाची अट तर तुमच्याच मुळावर येणारी आहे. आयटीआय करून विसाव्या वर्षी कामाला लागलेला मुलगा आधी ऑपरेटर म्हणून हात बसवतो, मग हळूहळू सेटिंगकडे जातो, आणि त्याच्या हाती भरवशाचे सेटिंग येईपर्यंत तो तिशीच्या आसपास पोहोचलेला असतो. त्याचे लग्न झालेले असते, मुले मोशीच्या किंवा चिखलीच्या शाळेत जात असतात, घराचा हप्ता चालू असतो, आणि म्हणूनच तो वारंवार नोकरी बदलत नाही. तुम्हाला हवा असलेला माणूस हाच आहे आणि "वय १८ ते ३०" या चार शब्दांनी तुम्ही त्यालाच बाहेर ठेवले आहे.

"फक्त पुरुष" हे शब्द तर आजच काढावेत. १९७६च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केली होती आणि २०१९च्या वेतन संहितेतही ती तरतूद कायम आहे. कायद्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी, आयटीआय आणि डिप्लोमा करून मशीनवर आणि तपासणीत उत्तम काम करणाऱ्या मुली या पट्ट्यात आहेत, आणि त्यांना दार बंद करून आधीच अपुऱ्या असलेल्या सेटरांची संख्या आपण स्वतःहून कमी करतो. दुसरी शिफ्ट मध्यरात्री सुटत असेल तर महिलांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंतची वाहतूक यांची जबाबदारी कंपनीवर येते, हे खरे आहे. ती व्यवस्था आहे की नाही एवढे जाहिरातीत स्पष्ट लिहावे आणि निर्णय उमेदवारावर सोडावा. अपंगत्वाबाबतही हीच दृष्टी ठेवावी. ऐकू न येणारा माणूस तपासणीच्या टेबलावर उत्तम काम करू शकतो. "शारीरिकदृष्ट्या सुदृढ" यांसारखी सरसकट अट घालण्यापेक्षा, कामात किती वजन उचलावे लागते आणि किती वेळ उभे राहावे लागते ते लिहिणे अधिक योग्य ठरते.

जाहिरातीचा मजकूर लिहिण्याआधी एक तास काढून दोन माणसांशी बोलावे: शॉपवरील सुपरवायझरशी आणि सध्या तुमच्याकडे असलेल्या सर्वांत चांगल्या सेटरशी. बहुतेक मालक जुनी जाहिरात उघडून तारीख बदलतात किंवा दुसऱ्या कंपनीची जाहिरात उतरवून घेतात, आणि तिथेच घोटाळा होतो. या दोघांना विचारायचे ते असे: नव्या माणसाला पहिल्या महिन्यात नेमके काय करावे लागेल? कोणता जॉब सर्वांत त्रासदायक आहे आणि का? मशीन कोणती, कंट्रोलर (मशीन चालवणारा संगणक) फॅनुकचा की सिमेन्सचा? शिफ्टमध्ये सेटिंग किती वेळा बदलते? मापाची मर्यादा किती मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) आहे आणि मोजायला मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज यांपैकी काय वापरतात? प्रोग्राम तयार मिळतो की मशीनवर दुरुस्त करावा लागतो? या प्रश्नांची उत्तरे हाच जाहिरातीचा गाभा असतो. "पंप हाउसिंग, कास्ट आयर्न, बोअर २० मायक्रॉनच्या आत, फॅनुक कंट्रोलर" एवढे वाचल्यावर खऱ्या सेटरला आपले काम डोळ्यांसमोर दिसते आणि ज्याने आयुष्यभर फक्त जॉब लावले-काढले आहेत तो आपोआप थांबतो. यासाठी कोणालाही "नको" म्हणावे लागत नाही.

त्याच बैठकीत अटींची यादी दोन भागांत करावी. जे पहिल्या दिवसापासून यायलाच हवे ते एकीकडे आणि जे तुम्ही तीन महिन्यांत शिकवू शकता ते दुसरीकडे. माझ्या अनुभवात पहिल्या भागात तीन-चार गोष्टींपेक्षा जास्त काही उरत नाही. दुसऱ्या कंट्रोलरवर काम केलेला चांगला सेटर थोड्याच दिवसांत तुमच्या कंट्रोलरवर हात बसवतो, पण ज्याला ड्रॉइंगवरील भौमितिक टॉलरन्सची (आकारात व जागेत किती फरक चालेल ते सांगणारी) चिन्हे कळत नाहीत त्याला ती कामाच्या घाईत शिकवणे अवघड जाते. म्हणून कंट्रोलरची अट सैल ठेवता येते, ड्रॉइंगची ठेवता येत नाही. वर्षांची अट शक्यतो टाळावी. पाच वर्षे एकाच मशीनवर एकच जॉब चालवलेला माणूस आणि दोन वर्षांत जॉबशॉपमध्ये (वेगवेगळ्या ग्राहकांची छोटी कामे करणाऱ्या कारखान्यात) रोज नवे सेटिंग केलेला माणूस यांत दुसरा तुमच्या कामाचा आहे, पण "किमान ५ वर्षे अनुभव" असे लिहिले की तो अर्जच करत नाही. "अनुभव किमान पाच वर्षे" याऐवजी "ड्रॉइंग पाहून स्वतः सेटिंग करून पहिला पीस पास करून घेता येणे आवश्यक" असे लिहावे. हे ट्रायलमध्ये तपासता येते. कागदावरच्या वर्षांवरून तपासता येत नाही.

आता पगाराविषयी, कारण सर्वांत अधिक टाळाटाळ इथेच होते. "आकर्षक" आणि "अनुभवानुसार" या शब्दांचा कामगारांनी लावलेला अर्थ एकच आहे: पगार कमी आहे किंवा घासाघीस होणार आहे. आकडा लिहावा, आणि तो कशाचा आहे हेही लिहावे. चाकणच्या जाहिरातींत "३०,००० पर्यंत" असे लिहिलेले असते आणि चौकशी केल्यावर कळते की तो बारा तासांचा, म्हणजे रोजच्या चार तासांच्या ओव्हरटाइमसह आणि पूर्ण हजेरीचा भत्ता धरून आलेला आकडा आहे. एकदा फसलेला माणूस नंतर प्रत्येक आकड्याकडे त्याच संशयाने पाहतो. म्हणून आठ तासांचा पगार वेगळा आणि ओव्हरटाइम वेगळा लिहावा. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यावा लागतो. तो तुम्ही तसा देत असाल तर "ओटी डबल" हे दोन शब्द अवश्य लिहावेत.

ग्रॉस (कपातीआधीचा पगार), हातात पडणारा पगार आणि सीटीसी (माणसावर कंपनीचा होणारा एकूण खर्च) यांतला घोळही जाहिरातीतच संपवावा. समजा ग्रॉस पगार २८,००० रुपये आहे आणि तुम्ही भविष्य निर्वाह निधीची कपात सध्याच्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर १२ टक्क्यांनी करता. ती झाली १,८०० रुपये. व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. म्हणजे एरवी हातात २६,००० पडतात. कामगार घरभाडे आणि हप्ता यांचा हिशेब याच आकड्यावर करतो, तेव्हा जाहिरातीत हाच आकडा ठळक असावा. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि बोनस मिळवून फुगवलेला सीटीसी सेटरच्या जाहिरातीत लिहू नये. त्या आकड्याने त्याची दिशाभूल होते आणि पहिल्या पगाराच्या दिवशी तुमच्याविषयीचा विश्वास जातो.

इथे आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची, वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. आधीच्या ठिकाणी ईएसआयमध्ये असलेला माणूस तुमच्याकडे अधिक वेतनावर आला की तो या योजनेबाहेर जाऊ शकतो, आणि मग पत्नीच्या बाळंतपणाचा किंवा आई-वडिलांच्या उपचारांचा खर्च कोण करणार, हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो. पगार वाढूनही काही चांगले सेटर जागा बदलत नाहीत त्यामागे हे कारण मी अनेकदा पाहिले आहे, आणि मालकांना त्याची कल्पनाही नसते. कंपनी कुटुंबासह मेडिक्लेम देत असेल तर विम्याची रक्कम आणि कोणाकोणाला संरक्षण आहे हे एका ओळीत लिहावे. देत नसाल तर दोन जागांसाठीच्या वाढीव पगाराचा विचार करताना त्याऐवजी मेडिक्लेमचाही विचार करून पाहावा.

पगाराचा आकडा लिहिल्यास जुनी माणसे तक्रार करतील, ही भीती मला जवळपास प्रत्येक मालकाने सांगितली आहे. बाजारात सेटर ज्या पगाराला मिळतो त्याहून तुमचा जुना सेटर कमी पगारावर काम करत असेल, तर ते त्याला जाहिरातीशिवायही माहीत असते. व्हॉट्सॲपच्या गटांवर या गोष्टी रोज फिरतात. आधी जुन्या माणसाचा पगार सुधारावा आणि मगच जाहिरात द्यावी. तसे न केल्यास दोन जागा भरता भरता तिसरी रिकामी होते. पट्टा लिहायचा असेल तर तो अरुंद असावा. "१५,००० ते ४०,०००" असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे होय.

वेळ आणि ठिकाण यांना जाहिरातीत नेहमी एका शब्दाची जागा मिळते, वास्तविक त्यांना तीन ओळी मिळायला हव्यात. "चाकण" म्हणजे कुरुळी की निघोजे, महाळुंगे की खराबवाडी, यावर माणसाचा रोजचा एक तास अवलंबून असतो. पुणे-नाशिक महामार्गावर आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर होणारी कोंडी माहीत असलेला माणूस पगाराच्या आधी हे पाहतो. कंपनीची गाडी असेल तर ती कुठून सुटते आणि कोणत्या थांब्यांवर थांबते ते लिहावे. दुसरी शिफ्ट रात्री बाराला सुटत असेल तर परतीची गाडी आहे की नाही हे तर लिहायलाच हवे. साप्ताहिक सुटी भोसरी-चाकण पट्ट्यात बहुधा गुरुवारी असते, आणि मुलांच्या शाळेला सुटी रविवारी. तुमच्याकडे सुटी कोणत्या दिवशी असते, शिफ्ट किती आठवड्यांनी बदलते आणि सलग रात्रपाळी लागते का, हे प्रश्न घरी विचारले जातात, आणि नोकरी बदलण्याचा निर्णय पुष्कळदा घरातच होतो. "राहण्याची सोय" म्हणजे कॉट बेसिसवर आठ जणांची खोली असेल तर तसेच लिहावे. बीड-लातूर-नांदेडहून एकट्या आलेल्या मुलाला ती सोय वाटेल. मोशीत कुटुंबासह राहणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही, पण तुमचे बोलणे सरळ आहे एवढे त्यालाही कळेल.

कामातले कष्ट लपवू नयेत, हा माझा ठाम आग्रह आहे. कास्ट आयर्नची बारीक धूळ उडते, कूलंटचा वास राहतो, आठ तास उभे राहावे लागते, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डिस्पॅचची घाई असते. हे लिहिले तर लोक येणार नाहीत असे वाटते, पण जे येणार नसतात ते पहिल्या पंधरवड्यात सोडून जाणारेच असतात. अमेरिकेत जॉन वानस यांनी १९७०च्या दशकात टेलिफोन ऑपरेटरांच्या भरतीचा अभ्यास केला तेव्हा, कामाची खरी बाजू आधी दाखवलेल्या उमेदवारांच्या अपेक्षा वास्तवाला धरून राहिल्या आणि नोकरी सोडण्याचे विचार त्यांच्या मनात कमी आले, असे त्यांना आढळले. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम माफकच दिसला आहे, त्यामुळे त्याला रामबाण समजू नये. पण एका वाक्याच्या खर्चात तो मिळत असेल तर सोडू का नये?

या सर्व गोष्टी धरून तुमची जाहिरात मी अशी लिहीन. आकडे आणि तपशील नमुन्याचे आहेत. तुमचे खरे आकडे तिथे घालावेत.

"व्हीएमसी सेटर – २ जागा. थेट कंपनी पेरोल. (कंपनीचे पूर्ण नाव), खराबवाडी, चाकण.

हातात पगार २४,००० ते २८,००० रुपये (ग्रॉस २६,००० ते ३०,०००, पीएफ व व्यवसाय कर वजा जाता), आठ तासांसाठी. ओटी वेगळा, डबल दराने. साधारण आठवड्यातून दोन दिवस. दिवाळी बोनस. पती/पत्नी व दोन मुलांसह मेडिक्लेम २ लाख.

काम: कास्ट आयर्न व ॲल्युमिनियमचे पंप हाउसिंग आणि ब्रॅकेट. तीन-ॲक्सिस व्हीएमसी, फॅनुक कंट्रोलर. शिफ्टमध्ये एक ते दोन सेटिंग बदलावे लागतात. बोअरचे माप २० मायक्रॉनच्या आत. प्रोग्राम तयार मिळतो, किरकोळ दुरुस्ती मशीनवर करावी लागते. काम उभ्याने आहे. कास्ट आयर्नच्या जॉबवर धूळ असते, मास्क व हातमोजे कंपनी देते.

आवश्यक: ड्रॉइंग वाचून स्वतः सेटिंग करता येणे, ऑफसेट घेता येणे, मायक्रोमीटर व बोअर गेज वापरता येणे. आयटीआय किंवा डिप्लोमा असल्यास चांगले. नसेल पण काम येत असेल तरी अर्ज करावा. दुसऱ्या कंट्रोलरवरचा अनुभव चालेल. स्त्री-पुरुष दोघेही अर्ज करू शकतात. वयाची अट नाही.

वेळ: सकाळी ७ ते ३.३० आणि दुपारी ३.३० ते रात्री १२. दर आठवड्याला बदल. तिसरी पाळी नाही. सुटी गुरुवार. कंपनीची गाडी भोसरी, मोशी व चिंबळी फाटा येथून. रात्री १२ला परतीची गाडी आहे, महिलांना घरापर्यंत सोडले जाते. कॅन्टीनमध्ये जेवण २० रुपये.

निवड: मशीनवर दोन तासांची ट्रायल व अर्धा तास बोलणे, एकाच दिवशी. ट्रायल गुरुवारी किंवा सायंकाळी ५ नंतर. निकाल तीन दिवसांत. कोणतेही शुल्क नाही.

संपर्क: व्हॉट्सॲपवर नाव, सध्या कोणत्या मशीन व कंट्रोलरवर काम करता, कोणते जॉब करता आणि कुठे राहता एवढे लिहून पाठवावे. फोन दुपारी १२ ते १ आणि ४ ते ७. ही जाहिरात (तारीख) पर्यंतच लागू."

यातील काही ओळींमागचे कारण सांगणे आवश्यक आहे. ट्रायल गुरुवारी किंवा सायंकाळी ठेवली आहे, कारण कामावर असलेला माणूस मंगळवारी सकाळी अकरा वाजता मुलाखतीला येऊ शकत नाही. त्या वेळी बोलावले तर त्याला खाडा करावा लागतो, आणि एका खाड्याने त्याचा हजेरी भत्ताही जातो. तुमची सुटी मोडते हे खरे, पण दोन गुरुवार सुपरवायझरला थांबवून, त्याला बदली सुटी देऊन, हे काम होऊ शकते. फोनच्या वेळाही त्याच हिशेबाने आहेत: जेवणाची सुटी आणि पहिली शिफ्ट सुटल्यानंतरचा वेळ. त्या वेळी फोन उचलणारा माणूस असा असावा की ज्याला जाहिरातीतील प्रत्येक ओळ माहीत आहे. रिसेप्शनवरून "साहेब आल्यावर फोन करा" असे उत्तर मिळालेला सेटर पुन्हा फोन करत नाही.

शुल्क नसल्याची ओळ अनावश्यक वाटेल, पण नोंदणीच्या किंवा गणवेशाच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांनी या भागातील मुलांना इतके लुबाडले आहे की ती ओळ वाचून माणसाला धीर येतो. अंतिम तारीख यासाठी की व्हॉट्सॲपवर तारखेविना सोडलेली जाहिरात वर्षभर फिरत राहते आणि जागा भरल्यावरही फोन येत राहतात. अर्जाच्या टप्प्यावर आधार, पॅन किंवा बँकेचे तपशील मागू नयेत. त्यांची गरज नेमणुकीच्या वेळी पडते, आणि तोवर ते आपल्या फोनमध्ये साठवून ठेवणे उमेदवाराच्याही हिताचे नाही आणि तुमच्याही. व्हॉट्सॲपवर मागितलेल्या चार गोष्टी मात्र फार उपयोगी पडतात. ज्याने खरोखर सेटिंग केले आहे तो दोन ओळींत मशीनचे नाव, कंट्रोलर आणि जॉब लिहितो. ज्याने केलेले नाही तो फक्त "जॉब आहे का सर" असे लिहितो, आणि तुमची निम्मी छाननी तिथेच होते.

जाहिरात कुठे द्यावी याबद्दल थोडक्यात लिहिते. मजकूर चित्रात न देता लिहिलेल्या स्वरूपात द्यावा, कारण रंगीत पोस्टर चार वेळा पुढे पाठवले की वाचता येत नाही आणि शोधल्यावर सापडतही नाही. पहिल्या दोन ओळींत पद, पेरोल, ठिकाण आणि हातात पडणारा पगार यायला हवा, कारण मोबाइलवर तेवढेच आधी दिसते. भाषा मराठी असावी. तुमच्या शॉपवर हिंदी बोलणारी माणसे असतील तर तोच मजकूर हिंदीतही द्यावा. अपना किंवा वर्कइंडियासारखी ॲप, राज्य शासनाचे महास्वयम् संकेतस्थळ, कंपनीच्या फाटकावरचा फलक आणि तुमच्याच कामगारांचे गट ही सर्व माध्यमे सेटरसाठी चालतात. वर्तमानपत्रातील छोटी जाहिरात द्यायची तर शब्द मोजके असतात, तेव्हा तिथे पद, पेरोल, ठिकाण, पगार आणि क्रमांक एवढेच द्यावे आणि उरलेला मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवावा. यांपैकी माझा सर्वाधिक भरवसा स्वतःच्या कामगारांवर आहे, कारण आपल्या शब्दावर आलेला माणूस कच्चा निघाला तर आपले नाव जाते, याची त्यांना जाणीव असते. पण तेही जाहिरात तेव्हाच पुढे पाठवतात जेव्हा तीत लिहिलेले खरे असते, म्हणून प्रसिद्ध करण्याआधी मजकूर तुमच्या जुन्या सेटरला वाचायला द्यावा आणि "यात काही खोटे किंवा अर्धवट आहे का?" असे सरळ विचारावे.

नवी जाहिरात गेल्यावर फोन कमी होतील. त्याने घाबरून जाऊ नये. मोजायचे ते असे: किती जणांनी चार गोष्टी लिहून पाठवल्या, त्यांतील किती ट्रायलला आले, किती ट्रायलमध्ये उतरले आणि रुजू झालेले तीन महिन्यांनी टिकून आहेत का. संदेशच आले नाहीत तर पगार किंवा ठिकाण बाजाराला धरून नाही, आणि ते शब्दांनी भरून निघत नाही. संदेश आले पण ट्रायलला कोणी फिरकले नाही तर ट्रायलची वेळ किंवा फोनवरचे बोलणे तपासावे. ट्रायलला आलेले बहुतेक जण नापास होत असतील तर "आवश्यक" हा भाग अजून मोघम आहे. तिथे मापाचा आकडा किंवा जॉबचे नाव आणखी स्पष्ट करावे. आणि रुजू झालेला माणूस महिन्याभरात गेला, तर त्याला फोन करून विचारावे की जाहिरातीत न लिहिलेली कोणती गोष्ट त्याला इथे आल्यावर कळली. त्याचे उत्तर पुढच्या जाहिरातीत जसेच्या तसे लिहावे, किंवा ती अडचण दूर करता येत असेल तर आधी दूर करावी.